सुई टोचण्याआधी काय करावं?

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं पडल्यावर सुईपेक्षा जास्त छळते ती सुईच्या आधीची दोन मिनिटं. आता टोचेल का? की अजून वेळ आहे? ही धाकधूक कमी करता आली, तर पुढचं दुखणं सोसणं बरंच सोपं होतं.

आधी प्रश्न विचारून घ्या. नक्की कुठे दुखेल, कसं दुखेल (ठणका, दाब की जळजळ?) आणि किती वेळ? बरेच जण हे विचारायचं टाळतात, "नकोच ते कळायला" म्हणून. पण न कळण्याचाच त्रास मोठा असतो. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसायचा. सर्वांत जास्त ताण आला तो झटका बसण्याची शक्यता निम्मी असताना. तो नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे.

याहून जुनं उदाहरण १९६४ चं. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आधीच सगळं समजावलं: कुठे दुखेल, किती दिवस, कूस कशी बदलायची, स्नायू सैल कसे सोडायचे. या रुग्णांना नंतर वेदनाशामक जवळपास निम्मंच लागलं. औषध तेच होतं, फक्त माहिती जास्त होती.

शब्द जपून वापरा, वापरायला लावा. पाठीच्या कण्यातून भूल देण्याआधी बधिर करणारं इंजेक्शन देताना काही बाळंतिणींना "मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल" असं सांगितलं, तर काहींना "जागा बधिर होईल, मग तुम्हाला बरं वाटेल" असं. पहिल्या गटाला जास्त दुखलं. म्हणून मुलांना इंजेक्शनचा धाक दाखवणं थांबवाच. पण "अजिबात दुखणार नाही" ही थापही नको. ती एकदा उघडी पडली की पुढच्या वेळी मूल कशावरच विश्वास ठेवत नाही. "थोडं टोचेल, तीनपर्यंत मोजेस्तोवर संपेल" एवढं पुरे.

औषध घेताना लक्ष तिकडे ठेवा. सलाइनमधून वेदनाशामक सुरू केलं का, हे विचारा. २०११ च्या एका प्रयोगात औषध चालू असूनही "आता बंद केलंय" असं सांगितल्यावर त्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला, आणि "चालू आहे" हे कळल्यावर दुप्पट झाला. हा नुसता मनाचा खेळ नाही. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनने मिळणारा आरामही कमी होतो, हे १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांत दिसलं होतं. म्हणजे अपेक्षेपोटी शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं.

वेळ सकाळची मागा. दिवसभर वाट बघत बसण्यात काही हशील नाही.

एक मात्र लक्षात असू द्या. हे सगळं कारण माहीत असलेल्या, ठरवून होणाऱ्या दुखण्यासाठी आहे. छातीत अचानक कळ आली तर अपेक्षा वगैरे बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि दाताच्या खुर्चीत बसलात की थांबण्याची खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. हे तोंड उघडण्यापूर्वीच ठरवा, नंतर बोलता येत नाही.