पुस्तक वाचून रडू आलं, म्हणून ते बक्षिसाचं झालं काय?

आठ ते बारा वयाच्या पोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मोठ्यांनी वाचून त्यातलं बक्षिसाचं कुठलं ते ठरवायचं म्हटलं की पहिली पंचाईत आपलीच होते, आपण आपलं बालपण मधे आणतोच. आमच्या बेळगावात तर जास्तच. गोष्टीतलं पोरगं घरात मराठी आणि शाळेत कन्नड बोलायलंय, मे महिन्यात खानापूरकडं आजोळी फणस खायलंय, एवढं दिसलं की आपण खूश, मार्क वाटून मोकळे. पुस्तक चांगलं हाय का नुसतं आपल्याकडचं हाय, हे बघायचं राहूनच जातंय.

तर पहिल्यांदा वाचताना आडवं पडून वाचा. रडू आलं तर रडा की, कोण बघतंय. फक्त पान नंबर कागदावर टाका आणि पुढं एकच शब्द, रडू, कंटाळा, भीती, जे असंल ते. कारण लिहू नका, कारण लिहायला बसलं की आपण शहाणपणा करायला लागतो.

मग चार-आठ दिवस जाऊ द्या आणि तेवढीच पानं परत उघडा. खरं काम इथं. समजा आजी वारली तिथं रडू आलं. आता मागं जाऊन बघा, ही आजी लेखकानं आधी उभी केली होती काय, तिची एखादी खोड, पोराचं तिच्यावर चिडणं, असलं काही? का तिसऱ्या प्रकरणात आली, लाडू दिला आणि गेली? तसं असलं तर तुम्ही स्वतःच्या आजीसाठी रडलाय, ते क्रेडिट लेखकाला कशाला? आजी गेल्यावर पोराचं वागणं कुठं बदलतंय का तेपण बघा. कुत्रं मारून वाचकाला रडवणं लई सोपं असतंय ओ.

न आवडलेल्याचंही तसंच. मला जादू-राक्षस जमत नाही, बोलणारं मांजर आलं की जांभई. मग मी एवढंच बघतो, त्या जगाचे नियम लेखकानं शेवटपर्यंत पाळलेत का अडचण आल्यावर नवाच मंत्र काढलाय. पाळले असतील तर माझी जांभई माझ्यापाशी.

अमेरिकेत 1922 पासून पोरांच्या पुस्तकांसाठी न्यूबेरी पदक देतात, त्याच्या निकषांत सरळ लिहिलंय की हे पदक उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीपण नाही. कथानक, पात्रं, स्थळ, शैली हे बघायचं. आपल्याकडं पुस्तक मिटायच्या आधीच कोणतरी तात्पर्य विचारतंय.

पोरांनाही वाचायला द्या, पण "आवडलं काय" विचारू नका, "हो काका" म्हणून खेळायला पळतात. कुठल्या पानावर ठेवून दिलं होतंस ते विचारा. एकाचा कंटाळा धरू नका, पण दोघातिघांनी एकाच पानावर ठेवलं असलं तर ते पान परत वाचा, बहुतेक तिथं लेखक पोरांना सोडून त्यांच्या आईबापांशी बोलायला लागलेला असतोय.