साइटवरची पीडीएफ किती वेळा डाउनलोड झाली, कसं बघाल?

शेतकरी उत्पादक कंपनीच्या साइटवर गुलाबी बोंडअळीच्या फवारणीचं, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या खतांचं पत्रक आपण मेहनतीनं टाकतो. पण ते कोणी उतरवून घेतं की नाही, ते कळत नाही. साइटला गूगल ॲनालिटिक्स ४ (साइटवर लोक काय बघतात, कशावर क्लिक करतात ते मोजणारं गूगलचं साधन) जोडलेलं असेल तर वेगळा कोड लागत नाही.

१. ॲनालिटिक्सच्या ॲडमिनमध्ये डेटा स्ट्रीम्स उघडून आपली साइट निवडा.
२. एन्हान्स्ड मेजरमेंट (क्लिक, डाउनलोड आपोआप मोजण्याची सोय) सुरू करा. गिअरच्या चिन्हावर क्लिक करून 'फाईल डाउनलोड्स'ही सुरू आहे ना, बघा.
३. एक-दोन दिवसांनी एक्सप्लोअरमध्ये तक्ता बनवा: ओळींत फाईल नेम, आकड्यांत इव्हेंट काउंट (ती नोंद किती वेळा झाली), आणि फिल्टर लावून फक्त फाईल डाउनलोडचा इव्हेंट.

फाईलच्या नावातच पीक आणि महिना घाला. तक्त्यात नुसतं 'स्कॅन ००१' दिसलं तर ते कापसाचं की तुरीचं, कसं ओळखणार? पीडीएफ, वर्ड, एक्सेल, झिप मोजले जातात; जेपीजी फोटो मात्र नाही. म्हणून बाजारभावाचा फोटो टाकण्यापेक्षा त्याची पीडीएफ करा.

एक सांभाळा. आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतं. तिथं थेट पीडीएफची लिंक टाकली तर फाईल उघडते, पण मोजणी होत नाही, कारण ती साइटच्या पानावरच्या क्लिकची होते. ग्रुपवर पानाचीच लिंक द्या आणि डाउनलोडचं बटण अगदी वर ठेवा, म्हणजे गावातल्या कमी रेंजमध्येही ते लगेच सापडेल.