मुक्त मूलकांचा ई.एस.आर. अभ्यास : नमुना, मापन आणि निष्कर्ष

बहुवारिकीकरण, तेलाचे खवट होणे, प्रकाशामुळे होणारे विघटन किंवा पेशींतील ऑक्सिडीकरण यांपैकी कोणत्याही अभिक्रियेची पायरी लिहिताना आपण एखाद्या अणूशेजारी एक ठिपका देतो आणि पुढे जातो. तो ठिपका म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन, आणि तो धारण करणारा रेणू म्हणजे मुक्त मूलक. हा इलेक्ट्रॉन खरोखर तेथे आहे का, असल्यास रेणूच्या कोणत्या भागावर आहे, हे पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, अर्थात ई.एस.आर. बडोद्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारे, तसेच शहराभोवतीच्या पेट्रोकेमिकल आणि औषधनिर्मिती उद्योगांच्या प्रयोगशाळांत काम करणारे अनेक जण घरी मराठी बोलतात आणि हे तंत्र मात्र इंग्रजी पुस्तकांतून एकट्याने उलगडत बसतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उपकरणाचे बटण दाबण्यापूर्वी नमुन्यावर जे काम होते, त्यावरच वर्णपटाची विश्वासार्हता बहुतांशी ठरते, असे माझे ठाम मत आहे, म्हणून त्या भागाला येथे अधिक जागा दिली आहे.

तत्त्व थोडक्यात असे. चुंबकीय क्षेत्रात अयुग्मित इलेक्ट्रॉनला दोन ऊर्जापातळ्या मिळतात आणि त्यांमधील अंतराइतकी ऊर्जा असलेली सूक्ष्मतरंगे दिली की इलेक्ट्रॉन ती शोषून घेतो. येव्गेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझान येथे हे शोषण प्रथम नोंदवले. आजच्या बहुतेक प्रयोगशाळांत एक्स-बँड प्रकारचे उपकरण असते. त्यात वारंवारता साधारण ९.५ गिगाहर्ट्झवर स्थिर ठेवून चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलले जाते, आणि सेंद्रिय मूलकांचा संकेत ३४० मिलिटेस्लाच्या, म्हणजे ३४०० गॉसच्या आसपास येतो. खोलीच्या तापमानाला दोन्ही पातळ्यांतील इलेक्ट्रॉनांच्या संख्येत जो फरक असतो, तो एकूण संख्येच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. मापन त्या फरकाचेच होत असल्याने नमुना द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विन तापमानाला नेला तर संकेत सुमारे चौपट मिळू शकतो. मात्र गोठलेल्या नमुन्यात रेणू फिरू शकत नाहीत, रेषा रुंदावतात आणि द्रावणात दिसणारे बारीक विभाजन (जवळच्या अणुकेंद्रकांमुळे एका रेषेच्या अनेक रेषा होणे) बहुधा हरवते. त्यामुळे मूलक ओळखायचा असेल आणि तो पुरेसा टिकत असेल, तर द्रावण द्रवरूपातच मोजावे.

पहिला सराव कोणत्या मूलकावर करावा

नवे विद्यार्थी थेट हायड्रॉक्सिल मूलकाकडे धावतात. ते करू नये. आधी असा मूलक घ्यावा जो सहज तयार होतो, पुरेसा टिकतो आणि ज्याचा वर्णपट कागदावर मोजपट्टीने सोडवता येतो. हायड्रोक्विनोनपासून मिळणारा सेमिक्विनोन त्यासाठी उत्तम आहे. हायड्रोक्विनोनचे काही मिलिमोलर संहतीचे अल्कोहोलमधील द्रावण करावे, त्यात विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे अल्कोहोलमधील द्रावण थेंबाने मिसळावे आणि हवेतील ऑक्सिजनमुळे रंग पिवळसर-तपकिरी होऊ लागताच द्रावणातून नायट्रोजन सोडून उरलेला ऑक्सिजन काढून टाकावा. ऑक्सिजन राहू दिला तर मूलक पुढे क्विनोनमध्ये बदलत राहतो. अल्कली जास्त झाली तर कड्यावर हायड्रॉक्सिल गट बसलेले दुसरे मूलक तयार होतात आणि वर्णपटात अनोळखी रेषा येतात. म्हणून थेंब मोजूनच घालावेत.

आता केवळ २० गॉसची पट्टी तपासावी. पाच रेषा दिसतील, त्यांची तीव्रता १:४:६:४:१ या प्रमाणात असेल आणि लगतच्या दोन रेषांमधील अंतर सुमारे २.३७ गॉस भरेल. कड्यावरील चारही हायड्रोजन सममूल्य असल्याने पाच रेषा पडतात. येथून पुढचा विचार मला या तंत्राचे खरे वैभव वाटते. मॅककॉनेल यांच्या संबंधानुसार, कार्बनवर इलेक्ट्रॉन पूर्णपणे असता तर त्याच्या हायड्रोजनमुळे सुमारे २३ गॉसचे विभाजन मिळाले असते. येथे २.३७ मिळते, म्हणजे त्या प्रत्येक कार्बनवर इलेक्ट्रॉनचा केवळ दहावा भाग आहे. चार कार्बनांवर मिळून सुमारे ०.४ भाग होतो आणि उरलेला बराचसा दोन ऑक्सिजन व त्यांना जोडलेल्या कार्बनांवर आहे. संस्पंदनाच्या रचना काढून आपण जे सुचवत असतो, त्याचे मोजलेले उत्तर एका साध्या प्रयोगातून हाती येते.

यानंतर टेम्पो या स्थिर नायट्रॉक्साइडचे (नायट्रोजन-ऑक्सिजन गटावर अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या मूलकाचे) विरल द्रावण मोजावे. नायट्रोजन-१४ च्या अणुकेंद्रकाचा स्पिन १ असल्याने सारख्या तीव्रतेच्या तीन रेषा मिळतात. बेंझिनसारख्या द्रावकात त्यांच्यातील अंतर सुमारे १५.५ गॉस असते, पाण्यात ते १७ गॉसच्या जवळ जाते. तेच द्रावण नायट्रोजन सोडण्यापूर्वी आणि सोडल्यानंतर, अशा दोन्ही वेळा मोजून पाहावे. ऑक्सिजनच्या रेणूत स्वतःच दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे हवेत ठेवलेल्या द्रावणातील रेषा रुंद दिसतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की ऑक्सिजन काढण्याचा कंटाळा कोणी करत नाही.

नळी, द्रावक आणि उपकरणाची मांडणी

साध्या काचेत लोह असते आणि ते ४.३ या जी-मूल्याजवळ (जी-मूल्य म्हणजे वारंवारता आणि क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून मिळणारी, संकेताची जागा सांगणारी संख्या) स्वतःचा संकेत देते, म्हणून नळी शुद्ध क्वार्ट्झचीच घ्यावी. बेंझिन, टोल्यूइन, हेक्सेन यांसारख्या अध्रुवी द्रावकांसाठी ४ मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी चालते, परंतु पाणी सूक्ष्मतरंगे मोठ्या प्रमाणात शोषते आणि पाण्याने भरलेली तीच नळी ठेवल्यास कॅव्हिटी, म्हणजे नमुना ठेवण्याची अनुनाद पोकळी, जुळवताच येत नाही. पाण्याचा नमुना चपट्या सेलमध्ये किंवा बारीक केशनलिकेत घ्यावा. बेंझिन कर्करोगकारक आहे, त्यामुळे टोल्यूइनने काम भागत असेल तेथे बेंझिन वापरू नये.

मापनात सर्वाधिक नुकसान दोन गोष्टींनी होते, अवाजवी मॉड्युलेशन आणि सूक्ष्मतरंगांची अवाजवी शक्ती. उपकरण शोषणाची रेषा थेट दाखवत नाही, क्षेत्राला साधारणपणे १०० किलोहर्ट्झने हलवून तिचा प्रथम विकलज दाखवते. हलवण्याचा आयाम वाढवला की संकेत उंच होतो आणि मन सुखावते, परंतु आयाम रेषेच्या रुंदीच्या जवळ गेला की शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. सेमिक्विनोनसाठी ०.१ गॉसपासून सुरुवात करावी, आणि सर्वसाधारणपणे आयाम रेषेच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून कमी ठेवावा. शक्तीसाठी एक छोटी परीक्षा पुरते: शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवत जावी आणि संकेताची उंची शक्तीच्या वर्गमुळापुढे आलेखावर मांडावी. जोपर्यंत सरळ रेषा मिळते तोपर्यंतच ती शक्ती वापरण्यायोग्य आहे. रेषा वाकू लागली की इलेक्ट्रॉनांना परत खालच्या पातळीवर यायला वेळ पुरत नाही असे समजावे.

जी-मूल्य काढण्यासाठी वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये घेऊन तिला ७१.४४८ ने गुणावे आणि मिलिटेस्लामधील क्षेत्राने भागावे. क्षेत्राचे वाचन बरोबर आहे याची खात्री डीपीपीएच या स्थिर मूलकाने करावी. त्याचे जी-मूल्य २.००३६ आहे, म्हणजे ९.४५ गिगाहर्ट्झला त्याची रेषा ३३७.० मिलिटेस्लावर यायला हवी. न आल्यास जितका फरक असेल तितकी दुरुस्ती सर्व वाचनांत करावी.

क्षणिक मूलक आणि स्पिन ट्रॅप

हायड्रॉक्सिल मूलक द्रावणात इतका अल्पकाळ टिकतो की त्याला थेट पाहणे शक्य नसते. त्यासाठी डीएमपीओ किंवा पीबीएन असा स्पिन ट्रॅप आधीच मिसळून ठेवतात. मूलक त्याला जोडला जातो आणि टिकाऊ नायट्रॉक्साइड तयार होतो. फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या फेंटन अभिक्रियेत डीएमपीओ असल्यास चार रेषा १:२:२:१ या प्रमाणात मिळतात, कारण नायट्रोजन आणि हायड्रोजन या दोघांचेही विभाजन १४.९ गॉस, म्हणजे योगायोगाने सारखेच आहे.

या चार रेषा दिसल्या म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक सिद्ध झाला, असे अनेक प्रबंधांत लिहिलेले असते. हे पुरेसे नाही, आणि येथे सावध राहणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. फेरिक लोहासारखे धातू आयन असताना डीएमपीओला पाण्याचा रेणू जोडला जाऊन नंतर त्याचे ऑक्सिडीकरण होऊ शकते, आणि त्यातून मूलक नसतानाही अगदी हाच पदार्थ तयार होतो. सुपरऑक्साइडपासून मिळणारा डीएमपीओचा पदार्थही थोड्याच वेळात विघटित होऊन याच चार रेषा दाखवू शकतो. म्हणून मुख्य प्रयोगाबरोबर पेरॉक्साइडविना, लोहाविना आणि केवळ ट्रॅप असलेला, असे कोरे नमुने मोजावेत. पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटालेज हे विकर मिसळल्यावर संकेत नाहीसा होतो का हे पाहावे. निर्णायक परीक्षा इथेनॉलची किंवा डीएमएसओची (डायमिथिल सल्फॉक्साइडची) आहे. हायड्रॉक्सिल मूलक खरोखर असेल तर तो डीएमएसओवर आक्रमण करून मिथिल मूलक सोडतो, आणि मग डीएमपीओच्या चार रेषा जाऊन १६ गॉसहून थोडे अधिक नायट्रोजनचे व सुमारे २३ गॉस हायड्रोजनचे विभाजन असलेल्या सहा रेषा येतात. जुना संकेत कमी होणे आणि नवा संकेत येणे, हे दोन्ही एकत्र दिसले तरच हायड्रॉक्सिलचे नाव लिहावे. डीएमपीओ जुना होऊन पिवळा पडला असल्यास त्यात मूलकासारख्या अशुद्धी असतात. तो सक्रिय कोळशाने शुद्ध करावा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा.

बडोद्यात ज्याचा उपयोग सहज सुचेल असा एक अभ्यास म्हणजे तळणीच्या तेलाचा. शेव, चिवडा आणि भाकरवडीच्या या शहरात शेंगदाणा तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण किती लवकर सुरू होते, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ताज्या आणि वापरलेल्या तेलात समान संहतीने पीबीएन मिसळून दोन्ही नमुने हवेच्या संपर्कात सुमारे ६० अंश सेल्सिअसला ठेवावेत आणि ठरावीक अंतराने संकेत मोजावा. तेलातील नैसर्गिक प्रतिऑक्सिडक शिल्लक असेपर्यंत संकेत मंद राहतो आणि ते संपले की वेगाने वाढतो. हा थांबण्याचा काळ दोन तेलांची तुलना करायला उपयोगी पडतो. मात्र तेल दाट असल्याने रेणूंचे फिरणे मंदावते, रेषा रुंद होतात आणि पीबीएनच्या सहा रेषांऐवजी तीनच जाड रेषा दिसतात. अशा वर्णपटावरून जोडलेला मूलक पेरॉक्सिल होता की अल्किल, हे सांगण्याचा मोह टाळावा.

नमुना बाहेर पाठवायचा असल्यास

ज्यांच्याजवळ उपकरण नाही त्यांना मुंबईत पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी बाहेरचे नमुने मोजून देणारी सुविधा वापरता येते. परंतु द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली नळी घेऊन रेल्वेच्या डब्यात बसता येत नाही, आणि मे महिन्यात बडोद्याचे तापमान ४० अंशांच्या वर असताना ट्रॅपमध्ये पकडलेला मूलकही प्रवासात टिकत नाही. म्हणून प्रश्नच असा निवडावा की नमुना प्रवास सोसेल. गॅमा किरणांनी तयार झालेले अॅलनीन या अमिनो आम्लातील मूलक स्फटिकात इतके दीर्घकाळ टिकतात की त्यांच्यावरून किरणांची मात्रा मोजतात. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या पॉलिप्रॉपिलीनमधील मूलकही दीर्घकाळ राहतात. क्षणिक मूलकांवर काम असेल तर अभिकर्मके वेगवेगळी नेऊन ती उपकरणाजवळच मिसळण्याची परवानगी आधी मागावी.

मूलकांची संख्या हवी असल्यास वर्णपटाचे दोनदा समाकलन करून ते ज्ञात संहतीच्या टेम्पोशी ताडून पाहावे, मात्र द्रावक, नळी, भरणाची उंची, शक्ती आणि मॉड्युलेशन दोन्ही वेळा तंतोतंत सारखे हवे. दोनदा समाकलन करताना बेसलाइनमधील किरकोळ उतारही उत्तर बरेच चुकवतो, त्यामुळे ती आधी सरळ करून घ्यावी. वर्णपट गुंतागुंतीचा असल्यास ईझीस्पिनसारख्या मोफत संगणकीय साधनाने गृहीत धरलेल्या विभाजनांवरून वर्णपट काढून तो मोजलेल्या वर्णपटावर ठेवून पाहावा. अहवालात वारंवारता, शक्ती, मॉड्युलेशनचा आयाम, तपासलेली पट्टी, तापमान, द्रावक, ऑक्सिजन काढण्याची पद्धत आणि मिसळल्यापासून मापनापर्यंत गेलेला वेळ हे सर्व लिहावे, आणि कोऱ्या नमुन्यांचे वर्णपट मुख्य वर्णपटाच्या खाली त्याच मोजमापात छापावेत.