साठ फूट नेमके कुठून कुठपर्यंत मोजायचे?

हिंजवडीच्या साईटवर मी अकराव्या मजल्याची सळई तपासायला दिवसातून तीनदा जिना चढायचे. बिगारी बायका पाण्याचे कॅन घेऊन त्याच जिन्याने वर यायच्या. मुकादमाची पाठ वळली की पोरं माल चढवायच्या हॉइस्टवर सिमेंटच्या गोण्यांना टेकून उभी राहायची आणि मिनिटात वर. कामगारांसाठी वेगळी लिफ्ट हवी, हे तेव्हा आमच्यात कुणाच्या तोंडीही आलं नव्हतं.

आता कॅलिफोर्नियात सॅन होजेला बांधकामावरच आहे. पुण्या-नाशकाकडून इकडे नव्याने आलेली मुलं हमखास एकच विचारतात: "ताई, किती मजल्यांपासून लिफ्ट लावायची?" प्रश्नातच गोम आहे. मजले मोजायचेच नाहीत.

फेडरल ओशा म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं बघणारं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं खातं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत त्याऐवजी राज्याचेच, निदान तितकेच कडक नियम चालतात. फेडरल नियम पाहिले तर अमुक उंचीला माणसांची लिफ्ट लावाच, असं ते सांगत नाहीत. लावलीत तर ती कशी हवी, एवढंच सांगतात. उंचीची अट आहे ती कॅलिफोर्नियाच्या टायटल ८ मधल्या, म्हणजे राज्याच्या कामगार-सुरक्षेच्या नियमांतल्या, कलम १६३० मध्ये. बांधकाम जमिनीपासून ६० फूट किंवा त्याहून उंच असेल, किंवा जमिनीखाली ४८ फूट खोल जात असेल, तर कामगारांना वर-खाली नेणारी लिफ्ट बसवलेली हवी आणि ती चालू हवी. साठ फूट म्हणजे साधारण १८.३ मीटर. आणि ही लिफ्ट जिन्याच्या बदल्यात नाही. जिना हवाच, वर लिफ्टही हवी. खोलीची अट लोक हटकून विसरतात. चार-पाच मजली पार्किंग खाली जात असेल तर ती आधी बघा.

आता मोजायचं कसं. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाच मजल्यांची इमारत होती. खाली दुकानांचा काँक्रीटचा मजला १६ फूट, त्यावर लाकडी सांगाड्याचे चार मजले, प्रत्येकी १० फूट ३ इंच. बेरीज ५७. मी तक्त्यात "५७ फूट, लिफ्ट नको" असं लिहून मोकळी झाले. आमच्या सुपरिटेंडंटने ड्रॉइंगचं सेक्शनचं (इमारतीच्या उभ्या छेदाचं) पान उघडलं, गच्चीच्या कडेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे काय आहे?" पॅरापेट, म्हणजे गच्चीची कठड्याची भिंत. साडेतीन फूट. झाले साडेसाठ. जिन्याची टोपी तर गच्चीच्याही नऊ फूट वर होती, म्हणजे ६६.

कलमातच लिहिलंय: जमिनीपासून सर्वांत उंच बांधकामापर्यंत मोजा, आणि त्यात पॅरापेट, मशिनरीच्या खोल्या, जिन्याचा टॉवर, लिफ्टची वरची खोली हे सगळं धरा. अँटेना, धुराडं, झेंड्याची काठी धरू नका. तेव्हा नगरपालिकेच्या परवानगीच्या कागदावरचा उंचीचा आकडा उचलू नका. सेक्शन काढा आणि सगळ्यांत वरची भिंत शोधा. पाच मजल्यांची इमारतही अशी या नियमात सापडते.

हे उशिरा कळलं की पैसा जातो. इथे साईटवर या लिफ्टला बकहॉइस्ट म्हणतात. तिचा मास्ट, म्हणजे ती ज्यावरून वर-खाली जाते तो मनोरा, इमारतीला ठरावीक अंतरावर बांधावा लागतो. फेडरल नियमात मनोऱ्याच्या दोन बांधण्यांमध्ये २५ फुटांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. काँक्रीटच्या स्लॅबला बोल्ट मारणं सोपं. लाकडी सांगाड्याला कुठेही मारून चालत नाही. आम्हाला स्ट्रक्चरल इंजिनियरकडून बांधणीच्या जागा नव्याने काढून घ्याव्या लागल्या. शिवाय मास्टमागचा उभा पट्टा, तिथल्या खिडक्या, भिंतीचं बाहेरचं आवरण (क्लॅडिंग), सगळं शेवटपर्यंत उघडं ठेवावं लागतं. त्या घरांची कामं मागे पडतात, रंगारी कुरकुरतो. हे वेळापत्रकात पहिल्याच दिवशी धरा, आणि साठ फुटांवरचं काम सुरू व्हायच्या आत लिफ्ट चालू असेल असं बघा.

मालाची हॉइस्ट आहेच की, तिच्यातूनच माणसं नेऊ, असं कुणी ना कुणी सुचवतंच. नाही. तपासणी आणि दुरुस्तीचं काम सोडून मालाच्या हॉइस्टवर कुणीही चढायचं नाही, असा फेडरल नियम आहे. हिंजवडीची ती पोरं आठवली की आजही पोटात गोळा येतो.

लिफ्ट उभी राहिली की प्रत्येक मजल्यावर जाऊन दार स्वतः बघा. उंची किमान साडेसहा फूट हवी. कडी यांत्रिक हवी आणि ती फक्त लिफ्टच्या आतल्या माणसाच्या हाताला लागायला हवी. मी मजल्यावर उभी राहून दाराच्या फटीतून बोटं घालून कडी सरकते का बघते. सरकली तर ते दार नापास, बाकी कागद कितीही नीट असोत. मग आतलं लाल स्टॉप बटण दाबून बघायचं. उभारणीनंतर, वापर सुरू व्हायच्या आधी सगळ्या सुरक्षा यंत्रणांची चाचणी होते, आणि पुढे जास्तीत जास्त तीन महिन्यांनी पुन्हा. त्याची नोंदवही साईट ऑफिसातच ठेवा. राज्याचं परमिट वेगळं लागतं. ते कॅल-ओशाचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या ओशाचं, एलिव्हेटर युनिट देतं. परमिट नसताना "नुसतं एकदा वर जाऊन येतो" हेही नाही.

सगळ्यांत जास्त घोळ शेवटी होतो. इमारतीची कायमची लिफ्ट बसत आली की ऑफिसातून फोन सुरू होतात: भाडं चढतंय, बकहॉइस्ट उतरवा. कायमची लिफ्ट कामगारांसाठी वापरता येते, पण तीही तपासून, मंजूर होऊन यायला हवी. नाहीतर मध्येच दोन-तीन आठवडे वर फक्त जिना उरतो, आणि नेमके तेव्हाच टाइल्सवाले, सुतार, प्लंबर सगळे वरच्या मजल्यांवर असतात. त्या लिफ्टचं परमिट हातात पडेपर्यंत मास्टचा एकही बोल्ट सोडू देऊ नका, भाड्याचं बिल वाढलं तरी.