खाडीचा बोर्ड, लाटेचा बोर्ड

मालवणजवळ देवबागला आमच्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की माडांखालून कर्ली नदीची खाडी दिसते. पुढच्या दाराने निघालं की पाच मिनिटांत समुद्र. गावच तेवढं रुंद आहे. त्यामुळे ‘पॅडल बोर्ड (उभं राहून वल्हवायची तरंगती फळी) कुठला घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, मागच्या दाराने जाणार की पुढच्या?

बहुतेकांना हा प्रश्न वेळकाढूपणा वाटतो. त्यांना लांबी ऐकायची असते, दहा फूट की अकरा. पण मागच्या दाराचं पाणी आणि पुढच्या दाराचं पाणी बोर्डाकडून उलट्या गोष्टी मागतं. खाडीत बोर्डाने सरळ जावं, एका वल्ह्यात लांब घसरत जावं. लाटेवर त्याने पटकन वळावं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर ठेवावी. एकात जे गुण असतात तेच दुसऱ्यात अडचण होतात.

हे मी एका सकाळी शिकले. माझा पहिला बोर्ड गोव्याहून आणलेला, वापरलेला हार्ड बोर्ड, म्हणजे हवा न भरायचा, टणक बोर्ड होता. लांबी १२ फूट ६ इंच, रुंदी २८ इंच, नाळ होडीसारखी टोकदार. खाडीत तो इतका सुंदर चालायचा की नेरूरपारच्या दिशेने किती लांब आले हे मागे वळून पाहिल्यावरच कळायचं. ऑक्टोबरात समुद्र निवळला आणि मी तोच बोर्ड पुढच्या दाराने नेला. लाट जेमतेम मांडीएवढी. तिने शेपटी उचलली, लांब सरळ नाळ पाण्यात घुसली आणि मी बोर्डावरून पुढे फेकले गेले. दुसऱ्या लाटेला तेच. तिसऱ्या लाटेने बोर्ड वाळूवर आपटला आणि तळाची नऊ इंची फिन, म्हणजे माशाच्या पंखासारखं पातं, मुळातून तुटली. बोर्डात खोट नव्हती. खाडीचा बोर्ड मी लाटेत नेला होता.

आता तुलना कशी करायची ते सांगते. पहिल्यांदा बोर्ड पालथा करा आणि नाळेकडून बघा. होडीसारखी मधोमध धार असेल तर तो पाणी कापत जाणारा, लांब पल्ल्याचा टूरिंग बोर्ड. तळ सपाट आणि नाळ गोल, चमच्यासारखी वर आलेली असेल तर तो पाण्यावर चढून घसरणारा, लाटेच्या घराण्यातला. मग बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने बघा. नाळ आणि शेपटी किती वर उचलली आहे? त्या बाकाला रॉकर म्हणतात. बाक कमी असेल तर पाण्याला टेकणारी लांबी जास्त, म्हणून वेग जास्त. बाक जास्त असेल तर लाटेच्या उतारावर नाळ घुसत नाही, वळणंही सोपी जातात, पण खाडीत तोच बोर्ड पाणी ढकलत चालतो. ही दोन निरीक्षणं केली की विक्रेत्याने सांगितलेलं निम्मं तुम्हाला दिसूनच येतं.

मग रुंदी. माझ्या बाबांनी बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा कडेवरून हात फिरवून विचारलं, “हेका उलांडी खंय आसा?” होडी कलू नये म्हणून बाजूला बांधतात ती उलांडी. बाबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. बोर्डाला उलांडी नसते, म्हणून ते काम रुंदीला करावं लागतं. नवशिक्याने ३२ इंच घ्यावा. अंगाने भारी माणसाला किंवा पुढे लहान मूल बसवणाऱ्याला ३३-३४. पाय बसल्यावर, सरळ लांब जायचं असेल तर ३० किंवा २८. पण ‘जास्त रुंद म्हणजे जास्त सुरक्षित’ असं धरून उंचीने लहान माणसाने ३४ इंची घेऊ नये. माझी उंची पाच फूट दोन इंच. ३४ इंची बोर्डावर माझं वल्हं कडेपासून लांब, तिरकं पडतं, बोर्ड दर वल्ह्याला फिरत राहतो आणि तासाभरात खांदा भरून येतो.

बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये देतात. तो आकडा बघताना एक हिशेब लक्षात ठेवा. एक लिटर आकारमान साधारण एक किलो तरंगवतं, पण नुसतं तरंगणं पुरत नाही, बोर्ड पाण्याच्या वर राहिला पाहिजे. हार्ड बोर्डासाठी मी नवशिक्याला वजनाच्या दुप्पट लिटर सांगते. ७० किलोचा माणूस असेल तर १४० लिटरच्या आसपास किंवा जास्त. लाटेत मुरलेला माणूस याहून बऱ्याच कमी लिटरवर चालवतो, कारण छोटा बोर्ड त्याच्या पायाचं ऐकतो. हवेच्या, म्हणजे पंपाने फुगवायच्या बोर्डाला मात्र हा हिशेब लावू नका. त्याची जाडीच सहा इंच असते, म्हणून लिटर खूप मोठे दिसतात. हार्ड बोर्डाचे लिटर आणि हवेच्या बोर्डाचे लिटर समोरासमोर ठेवून तुलना होत नाही. तिथे रुंदी आणि कडकपणा बघायचा.

हवेचा की हार्ड, यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे येणारे बहुतेक जण हवेचाच घेऊन येतात आणि त्यात चूक काही नाही. पुण्याहून एसटीने येणारा माणूस साडेदहा फुटी हार्ड बोर्ड कुठे ठेवणार? हवेचा बोर्ड पिशवीत मावतो, कालवं चिकटलेल्या खडकावर घासला तरी हार्ड बोर्डासारखा टवका उडत नाही, आणि पडताना अंगावर आला तरी कमी लागतो. आत हजारो धागे वरचा आणि खालचा थर ताणून धरतात, म्हणून तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. पण त्यासाठी हवा पुरेशी हवी, साधारण १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), बोर्डावर छापलेल्या मर्यादेत. हातपंपाचा काटा सुरुवातीला हलतच नाही. लोक समजतात काटा बिघडला आणि आठ-नऊवर थांबतात. मग बोर्ड मधोमध खचतो, पाय डळमळतात आणि दोष तोल न सांभाळता येण्याला दिला जातो.

दोन हवेचे बोर्ड जोखायचे असतील तर दोन्हींत सारखी हवा भरा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नाळ आणि शेपटी टेकवा आणि मध्ये हाताने जोर द्या. किती वाकतो ते दिसतं. वजन साठच्या पुढे असेल तर पाच इंचांपेक्षा सहा इंच जाडीचा घ्या.

लाटेवर मात्र हवेच्या बोर्डाची मर्यादा कळते. त्याची कड जाड आणि गोल असते. लाटेच्या भिंतीवर वळताना कड पाण्यात रुतली पाहिजे, ती रुतत नाही, बोर्ड आडवा घसरतो. शिकण्यापुरत्या, गुडघ्याएवढ्या लाटांना चालतो. लाटेचं वेड खरंच लागलं असेल तर हार्ड बोर्डच घ्यावा लागतो. नऊ फुटांच्या आतबाहेर, ३० इंचांच्या आसपास रुंद, शेपटीकडे कड पातळ आणि धारदार, खाली तीन फिन.

उन्हाबद्दलही सांगते. मे महिन्यात मी भरलेला हवेचा बोर्ड दुपारी वाळूवर सोडून जेवायला गेले. आतली हवा तापून फुगली आणि शेपटीचा सांधा उकलला. तेव्हापासून नियम असा, पाण्याबाहेर बोर्ड सावलीत, आणि ऊन चढलं की थोडी हवा काढायची. सावली पण माडाची नको. नारळ पडतो, झावळ पडते. पावसाळ्यात गुंडाळून ठेवताना आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, नाहीतर बुरशी धरते, आणि उंदीर पोचणार नाही अशा जागी टांगा.

फिनबद्दल दुकानात कोणी फारसं बोलत नाही, पण आमच्याकडे त्याच तुटतात. सपाट, खोल पाण्यात नऊ इंची एक फिन बोर्ड सरळ ठेवते. ओहोटीला खाडीत वाळूचे पट्टे वर येतात. तिथे ती फिन रुतते आणि माणूस पुढे तोंडावर जातो. म्हणून खाडीसाठी चार-पाच इंची लवचीक फिन वेगळी ठेवा. बोर्ड घेतानाच तळाचा खाचा बघा. यूएस बॉक्स नावाचा लांब खाचा असेल तर त्यात अनेक कंपन्यांच्या फिन बसतात. कंपनीची स्वतःची खटका पद्धत असेल तर ती फिन मालवणच्या बाजारात मिळणार नाही, आणि ऐन हंगामात बोर्ड पडवीत पडून राहील. मी फक्त एवढ्या कारणासाठी एक चांगला बोर्ड नाकारला आहे.

वल्हं उंची कमी-जास्त करता येणारं घ्या. खाडीसाठी तुमच्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच लांब, लाटेसाठी चार-पाच इंच लांब, कारण तिथे गुडघे वाकवून खाली बसावं लागतं. पात्याचा बाक नाळेकडे झुकलेला हवा. निम्मे लोक तो उलटा धरतात. पैसे थोडे उरले असतील तर महागड्या बोर्डापेक्षा हलक्या वल्ह्यात घाला. अ‍ॅल्युमिनियमऐवजी फायबरचं घेतलं तरी हाताला फरक कळतो, कारण तासाभरात ते शेकडो वेळा उचलायचं असतं.

लीश, म्हणजे पायाला आणि बोर्डाला बांधणारी दोरी, ही मी सगळ्यांत गंभीरपणे सांगते. लाटेत सरळ लीश हवी, बोर्डाच्या लांबीएवढी तरी, घोट्याला बांधलेली. गुंडाळीची, स्प्रिंगसारखी लीश तिथे नको, ती ताणली की बोर्ड उलटा अंगावर येतो. संथ पाण्यात गुंडाळीची चांगली, मागे लोंबकळत नाही. पण जिथे पाणी वाहतं तिथे पायाला लीश बांधूच नका. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी चालू असताना मी नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ होते. नांगरलेल्या होडीच्या दोराच्या एका बाजूने बोर्ड गेला, दुसऱ्या बाजूने मी. लीश ताठ झाली. पाण्याचा जोर एवढा की वाकून घोट्यापर्यंत हात पोचेना, डोकं वर ठेवणंच कठीण. चुलतभावाने होडीतून वाकून जाळ्याच्या सुरीने ती कापली. आता खाडीत माझ्याकडच्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा असतो, एक ओढ दिली की सुटणारा. पाण्यात उतरण्याआधी तो डोळे मिटून तीनदा सोडून दाखवायला लावते. आणि लाइफ जॅकेट अंगात. बोर्डाला बांधून ठेवलेलं जॅकेट पडलेल्या माणसाच्या उपयोगाचं नाही.

बोर्ड पाण्यात तपासायचा असेल तर दोन्ही बोर्ड एकाच पाण्यात, एकाच वेळी, एकाच वल्ह्याने चालवा. नाहीतर तुम्ही बोर्डांची नाही, वाऱ्याची तुलना करता. सकाळी सातला जा. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा मंद असतो, खाडी आरशासारखी असते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरा, एक खांब आणि कांदळवनाचं एक टोक, आणि वल्ही मोजा. मग बाजू न बदलता किती वल्ही सरळ जातो ते मोजा. माझ्या साडेदहा फुटीवर मला चार वल्ह्यांनंतर बाजू बदलावी लागते, साडेबारा फुटीवर आठनंतर. मग दोन पावलं मागे सरकून शेपटीवर उभं राहून वळवून बघा. पडाल, पडायलाच हवं, कारण पडल्यावर परत चढणं किती सोपं आहे हेही त्यातच कळतं. शेवटी पर्यटकांच्या होडीच्या लाटेला आडवं उभं राहा. तिथे रुंदीचा खरा कस लागतो.

भरतीचा अंदाज घ्यायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. ढोबळ आहे, पण बोर्ड तपासायला भरतीच्या अलीकडचा एक तास निवडण्याइतकं पुरतं. समुद्राच्या बाजूला मात्र सकाळचा तोच मतलई वारा जमिनीकडून बाहेर ढकलतो, आणि हवेचा बोर्ड हलका व उंच असल्याने जास्त ढकलला जातो. वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर बसा आणि किनाऱ्याकडे वळा. पावसाळ्यात कुठलाही बोर्ड समुद्रात नेऊ नका.

एकच बोर्ड परवडणार असेल तर काय? माझं उत्तर: १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, गोल नाळेचा, खाली यूएस बॉक्स आणि बाजूला दोन छोट्या फिन. खाडीत तो जरा धीमा, लाटेत जरा जड, पण दोन्ही दारांनी जातो. मात्र दहातले आठ दिवस तुम्ही वालावलसारख्या संथ पाण्यातच जाणार असाल, तर ही तडजोड करू नका. सरळ टूरिंग घ्या आणि लाटेसाठी दोन दिवस भाड्याने आणा. खाडीतला एक लांब, न थांबता घसरत जाणारा पल्ला एकदा अनुभवला की साडेदहा फुटी बोर्ड हात बांधल्यासारखा वाटतो.

वापरलेला घ्यायचा असेल तर हार्ड बोर्डावर जिथे पाय ठेवतात तिथे अंगठ्याने दाबत जा. मऊ लागलं तर आतला थर सुटला आहे. टवक्याभोवती पिवळट-तपकिरी डाग असेल तर आत पाणी गेलं आहे. वजनकाट्यावर ठेवून मूळ वजनाशी ताडून बघा. हवेचा असेल तर संध्याकाळी पूर्ण भरून सावलीत ठेवायला सांगा आणि सकाळी गार असतानाच काटा लावा. हवा उतरली असेल तर झडपेवर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे झडपेतून आले तर पान्याने घट्ट करून भागतं. सांध्यातून आले तर तो बोर्ड परत करा.