वेनो कोड लिहायचाय? आधी बर्गर्सवर हात बसवा

आमच्या वऱ्हाडात नाल्याले वरून लोंढा येते तेव्हा पुढचं पाणी भिंतीवानी उभं असते. असल्या भिंतीलेच शॉक म्हणतात, अन् वेनोच्या (शॉकजवळ न डगमगता समीकरण कंप्युटरवर सोडवायची रीत) कोडची परीक्षा तिथंच. पण थेट पुराच्या शॅलो वॉटर समीकरणांवर उडी मारू नोका, पहिले बर्गर्स घ्या, म्हणजे यू हा वेग स्वतःच स्वतःले वाहून नेते असं एकाच अज्ञाताचं सोपं समीकरण.

समीकरण फ्लक्सच्या (सेलच्या, म्हणजे जाळीतल्या एका घराच्या, कडेतून जे वाहते त्याच्या) रूपातच लिहा, यू स्क्वेअर भागिले दोन हा फ्लक्स, डाव्या कडेनं आला वजा उजव्या कडेनं गेला, बस. मी शहाणपणा करून यू गुणिले यूचा उतार असं साध्या अपविंडनं (प्रवाह जिकडून येते तिकडच्या शेजाऱ्याशी फरक घेऊन) लिहिलं, डावीकडे 1, उजवीकडे 0, रन लावला, रात्रीची थ्री फेज आली म्हणून कपाशीवर मोटर सुरू करून आलो, पाहतो तर शॉक जागचा हललाच नाही बाप्पा! जायला पायजे होता 0.5 वेगानं. काहून? 0 वाल्या सेलमध्ये गुणाकार शून्य, 1 वाल्यात उतार शून्य, हलवणार कोण.

आता ऑर्डर, म्हणजे जाळी बारीक केली की एरर किती घातानं कमी होते ते. गोडुनोव्हनं 1959 मध्येच दाखवलं की लिनियर स्कीम (ठरलेल्या वजनांची) मोनोटोन (खोटे चढउतार न बनवणारी) ठेवायची तर पहिल्या ऑर्डरच्या वर जाता येत नाही. म्हणून वेनोत वजनंच डेटा पाहून बदलतात. जियांग-शूच्या 1996 च्या पाचव्या ऑर्डरच्या वेनोत पाच पॉइंट, तीन-तीनचे तीन गट, आदर्श वजनं 0.1, 0.6, 0.3. ज्या गटात शॉक शिरला त्याचा स्मूथनेस इंडिकेटर (डेटा किती खडबडीत ते सांगणारा आकडा) फुगते अन् वजन जवळपास शून्य होते. त्याआधी फ्लक्स लॅक्स-फ्रेडरिक्सच्या रीतीनं दोन भागात तोडा, एक उजवीकडे जाणारा, एक डावीकडे. डावीकडे जाणाऱ्या भागाले तेच सूत्र आरशात पाहिल्यासारखं उलटं लागते, अन् इंडेक्स हमखास इथंच चुकते, कागदावर पॉइंट काढून घ्या. दोन्ही टोकाले तीन-तीन घोस्ट पॉइंट (हद्दीबाहेरचे, फक्त हिशोबापुरते). वेळेसाठी तिसऱ्या ऑर्डरचं एसएसपी (खोटे चढउतार न वाढवणारं) रुंगे-कुट्टा, सीएफएल (एका टाइम स्टेपमध्ये लाट किती सेल ओलांडते तो आकडा) 0.5.

टेस्ट: 0 ते 2π, पिरिऑडिक (उजवं टोक डाव्याले जोडलेलं), सुरुवात साइन एक्स. शॉक बरोब्बर 1 वेळेले बनते, म्हणून 0.5 ले थांबून न्यूटनच्या रीतीनं काढलेल्या खऱ्या उत्तराशी ताडा. पॉइंट 40, 80, 160 असे दुप्पट केले की एरर 32 पटीच्या आसपास कमी व्हायला पायजे. 8 पटच होत असली तर वेनोले शिव्या देऊ नोका, ती रुंगे-कुट्टाची तिसरी ऑर्डर आहे, टाइम स्टेप डेल्टा एक्सच्या 5/3 घातानं लहान करा. मग 1.5 पर्यंत चालवा. शॉक x = π वरच उभा दिसला अन् सगळ्या यूची बेरीज शून्याची शून्य राहिली, तर शॅलो वॉटरले हात लावा.