पोट्ट्यांना वेबपेज शिकवायचं तर पहिला तास कॉम्प्युटर बंद ठेवा

नागपूरच्या महाल भागात मी बावीस वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, वास्तुशांती, तेरवीची कार्डं. दुकान आवरलं तेव्हा चार जुने पीसी घरी आले. दोन लॅपटॉप शेजाऱ्यांकडून मागून आणले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोट्ट्यांना वेबपेज शिकवायला लागले. यंदा चौथं वर्ष. दोघीतिघींनी विचारलं, म्हणून कसं करते ते लिहून काढलं.

बारा मुलं, सहा मशिनी, वय दहा ते तेरा, पाच दिवस. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. नागपुरात मे महिन्यात त्यापुढे ना मुलांचं डोकं चालत, ना तुमचं. कूलरचं तोंड सीपीयूकडे करू नका, शिंतोडे उडतात. आणि कूलर सुरू असताना मागच्या रांगेला तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं असेल तेव्हा तो सरळ बंद करायचा. लाइट जाणारच. दर पाच मिनिटांनी मी नुसतं ‘कंट्रोल एस’, म्हणजे सेव्ह करा, असं ओरडते. इंटरनेट मी लावतच नाही. पहिल्या वेबपेजला नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो.

पहिल्या दिवशी पहिला तास मशीन बंद. प्रत्येक जोडीला एक जुनी लग्नपत्रिका आणि लाल पेन. (माझ्याकडे उरलेल्यांची पोती आहेत. तुमच्याही कपाटात निघतीलच.) सगळ्यात मुख्य ओळ कोणती? तिला गोल करा, बाजूला ‘एच वन’ लिहा. (हा टॅग, म्हणजे कोणती ओळ काय आहे हे ब्राउझरला सांगणारी खूण.) तिच्या खालोखालची, ‘एच टू’. अशी सहापर्यंत मथळ्यांची उतरंड आहे. सलग मजकूर म्हणजे ‘पी’. खाली निमंत्रकांची नावं एकाखाली एक, ती यादी, तिचं प्रत्येक नाव ‘एलआय’. गणपतीचं चित्र ‘आयएमजी’. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ काय, यावर दरवर्षी भांडण होतं आणि ते मी होऊ देते. मथळा असतो तो खालच्या मजकुराचा. या ओळीखाली काहीच नाही, म्हणून ती ‘पी’. अक्षर केवढं आहे यावरून टॅग ठरवायचा नाही, ती ओळ काय काम करते यावरून ठरवायचा. हे एकदा कागदावर कळलं की पुढे निम्मी कटकट वाचते.

आता मशीन. पहिल्या वर्षी माझा अख्खा दिवस फाइल सेव्ह करण्यातच गेला. नोटपॅड आपल्या मनानं शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, विंडोज ते शेपूट लपवतं, आणि मूल डबल क्लिक करतं तर परत नोटपॅडच उघडतं. म्हणून फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइलची एक्सटेन्शनं दिसतील असं आधीच करून ठेवा. सेव्ह करताना नावाच्या शेवटी ‘डॉट एचटीएमएल’, प्रकार ‘ऑल फाइल्स’, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-8’. जुन्या विंडोजचं नोटपॅड आपणहून ‘आन्सी’ ही जुनी पद्धत धरतं आणि मराठीची सगळी प्रश्नचिन्हं करून टाकतं. मी तर आता सांगाडाच तयार ठेवते. हेड (पानाचा न दिसणारा वरचा भाग) आणि त्यातली, ब्राउझरला एन्कोडिंग सांगणारी ‘मेटा चारसेट’ची ओळ आधीच लिहिलेली असते. मुलांनी फक्त बॉडीच्या, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाच्या, आत लिहायचं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तिथे आणून चिकटवू नका. तो युनिकोड नसतो, पडद्यावर जंतरमंतर दिसतं.

मराठी टाइप करताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर एक गंमत होते. टॅगचा कोनदार कंस काढायला मूल शिफ्ट आणि स्वल्पविराम दाबतं, आणि उमटतो ‘ष’. तिरपी रेघ दाबली तर ‘य’. पडद्यावर टॅगच्या जागी ष-य दिसला की समजा, कीबोर्ड मराठीतच राहिलाय. विंडोज आणि स्पेस मिळून दाबलं की बदलतो. मी भिंतीवर मोठा ‘ष’ काढूनच ठेवलाय.

विषय ‘माझी ओळख’ देऊ नका. बाराही पानं सारखी येतात. वर मुलं शाळेचं नाव, बाबांचा नंबर, सगळं लिहून मोकळी होतात. एखादी वस्तू द्या. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) लाकडी नंदी घरोघरी कपाटावर बसलेला असतो. तो कोणी आणला, केवढा आहे, कसा सजवता, एवढ्यावर पान भरतं.

दुसऱ्या दिवशी पान मोडायचं. मला विचाराल तर खरी कार्यशाळा हीच. आधी फाइलची कॉपी. मग ‘एच वन’ बंद करणारा टॅग पुसायला सांगा आणि एफ5 दाबून पान ताजं करायला लावा. लगेच मागून आवाज येतो, “काकू, माझं सगळंच मोठं होऊन राहिलं!” मथळा बंदच झाला नाही, म्हणून खालचा मजकूरही त्याच्याच आकारात गेला. त्यानंतर जोड्यांनी जागा बदलायच्या, दुसऱ्याच्या पानात एकच चूक पेरायची आणि परत यायचं. आपली चूक शोधायला दहा मिनिटं. या वेळात तुम्ही माउसला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी सारखी हात घालायचे. एक पोट्टी तर मी आले की हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. आता मी दोन्ही हातांत ताकाचा पेला धरून फिरते.

तिसऱ्या दिवशी रंग. आधी ‘ऑरेंज’च करायला लावा, संत्र्याच्या गावात दुसरा कोणता? सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) सुरुवातीला नावाचे रंग 16 होते, त्यात संत्रं नव्हतं. 2.1 आवृत्तीत सतरावा रंग म्हणून तेवढं एकच आलं. हे सांगितलं की पोट्टे टाळ्या वाजवतात. अडचण स्पेलिंगची. आपल्या पुस्तकात ‘कलर’ला यू असतो, सीएसएसला तो चालत नाही. ‘सेंटर’चंही तसंच, शेवटी ई-आर. ब्राउझर चूक दाखवत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतो. मूल बिचारं शाळेत शिकलेलं बरोबर लिहितं आणि रंग काही येत नाही. हे आधीच सांगा.

चौथ्या दिवशी फोटो. फोटो त्याच फोल्डरमध्ये, नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मधे जागा नाही. मोबाइलचा फोटो पानाबाहेर जातो, म्हणून रुंदी 300 (पिक्सेल) द्या.

पाचव्या दिवशी आईबाबांना घरीच बोलवा. व्हॉट्सअपवर नुसती फाइल पाठवली तर फोटो मागेच राहतो आणि बाबांना फुटकं चित्र दिसतं. ऑनलाइन टाकायच्या भानगडीत मी पडत नाही. गिटहबसारख्या ठिकाणी खात्याला किमान 13 वर्षं लागतात, आणि माझे बहुतेक त्याहून लहान.

मागच्या वर्षी एक आजोबा आले. चष्मा सारखा करून नातवाचं पान वाचलं आणि म्हणाले, “नंदी विकत नाही आणला रे, माझ्या मोठ्या भावानं सागाचा केला होता.” नातू तिथेच खाली बसला. ओळ बदलली, कंट्रोल एस, एफ5. आजोबांनी परत वाचलं आणि म्हणाले, “आता भावाचं नावही टाक.”